देहूरोडला भाड्याने फ्लॅट घेताय? मजला ठरवण्याआधी पाणी, लिफ्ट आणि गुरुवार बघा

'टू बीएचके, सहावा मजला, ईस्ट फेसिंग, लिफ्ट, पार्किंग, फक्त फॅमिली.'

देहूरोड, विकासनगर, किवळे, मामुर्डी या पट्ट्यात घर शोधणाऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर असे मेसेज रोज येऊन पडतात. भाडं किती, डिपॉझिट किती, किचनला ट्रॉली आहे का, हे सगळं विचारलं जातं. मजल्याचा आकडा मात्र वाचून सोडून दिला जातो. फार तर 'वर हवा छान लागते' किंवा 'खाली डास असतात' एवढ्यावर चर्चा संपते.

घर विकत घेणाऱ्याचं गणित वेगळं असतं. बिल्डर वरच्या मजल्यांसाठी चौरस फुटामागे जादा पैसे लावतो, त्याला 'फ्लोअर राइज' म्हणतात. घेणारा ते देतो, कारण उद्या विकताना वसूल होतील अशी त्याला आशा असते. भाडेकरूला त्यातलं काहीच परत मिळत नाही. त्याच्या वाट्याला येतो फक्त रोजचा भाग, म्हणजे जिने, नळाचा दाब, उकाडा आणि झोप. त्यामुळे भाडेकरूने खिडकीतून काय दिसतं यापेक्षा लाइट गेल्यावर आणि पाणी न आल्यावर त्या मजल्यावर काय होतं हे आधी बघावं. देहूरोडच्या बाबतीत तर नक्कीच.

'देहूरोड' म्हणजे नक्की कुठलं?

जाहिरातीत सरसकट 'देहूरोड' लिहिलेलं असतं, पण इथे एकाला एक लागून वेगवेगळे कारभार आहेत. रेल्वे स्टेशन आणि बाजाराचा भाग कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे. विकासनगर, किवळे, मामुर्डी, रावेत पिंपरी-चिंचवड महापालिकेत. क्रिकेट स्टेडियमचं गहुंजे महापालिकेच्या हद्दीबाहेर, मावळ तालुक्यात.

हद्द बदलली की इमारतींची उंचीही बदलते. देहूरोडला लष्कराचं दारूगोळा कोठार आहे. त्याच्याभोवती 2000 यार्डांचा, म्हणजे साधारण 1.8 किलोमीटरचा 'रेड झोन' आहे आणि तिथे 1903 च्या संरक्षण बांधकामविषयक कायद्याखाली निर्बंध आहेत. त्यामुळे बाजाराच्या आणि जुन्या वस्तीच्या बाजूला बुटकी, बिनलिफ्टची घरं, तर किवळे-रावेत-गहुंजेच्या बाजूला टॉवर असं चित्र दिसतं. दोन्हीकडचा 'चौथा मजला' एकच नव्हे. एकीकडे तो सगळ्यात वरचा, पत्र्याखालचा किंवा स्लॅबखालचा आणि पायी चढायचा. दुसरीकडे तो 'खालच्या मजल्यांपैकी' म्हणून दाखवला जातो.

बंधनं असलेल्या भागात वरचा मजला मागाहून चढवलेला असण्याची शक्यताही असते. मंजूर नकाशात तो आहे का, हे विचारायला भाडेकरू कचरतो. विचारावं. कारवाई झाली तर घर मालकाचं असलं तरी सामान आपलं असतं.

आणि आकडाही फसवा असतो. नव्या इमारतींत तळाला पार्किंग असतं आणि त्याच्या वर 'पहिला मजला' सुरू होतो. दोन पातळ्यांचं पार्किंग असेल तर पहिला मजला प्रत्यक्षात जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याइतका उंच. म्हणून एजंटला मजला विचारण्याऐवजी 'खाली पार्किंगच्या किती पातळ्या आहेत आणि वर एकूण किती मजले आहेत' हे विचारलेलं बरं.

पाणी: खाली जोर, वर सुस्ती

पिंपरी-चिंचवड महापालिकेने नोव्हेंबर 2019 मध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला. तात्पुरता म्हणून आलेला हा निर्णय पुढे वर्षानुवर्षं चालू राहिला. शहराचं पाणी मुख्यतः पवना धरणातून नदीवाटे येतं आणि रावेतच्या बंधाऱ्यावर उचललं जातं. म्हणजे किवळ्यातल्या अनेक सोसायट्या ज्या पाण्याची दिवसाआड वाट बघतात, ते त्यांच्या शेजारूनच उचललं जातं.

सोसायटीत आलेलं पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत पडतं. वॉचमन मोटर लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो आणि तिथून ते उतरत प्रत्येक घरात जातं. दाब कुठे किती, हे ठरवणारा नियम सोपा आहे. पाण्याचा स्तंभ 10 मीटर उंच असेल तर दाब साधारण 1 बार मिळतो. एक मजला म्हणजे सुमारे 3 मीटर, तेव्हा दर मजल्यामागे 0.3 बारचा फरक.

आता 11 मजली इमारत घ्या. पहिल्या मजल्यावरच्या नळावर तीस-पस्तीस मीटर पाण्याचा भार असतो, म्हणजे 3 बारच्या वर. अकराव्या मजल्यावरच्या नळावर टाकी जेमतेम चार-पाच मीटर वर, म्हणजे अर्धा बारसुद्धा नाही. गच्चीची टाकी डोक्यावर असूनही शॉवरची धार बारीक का, याचं उत्तर हेच. टाकी जितकी जवळ तितका दाब कमी. गॅस गीझर पेटायला पाण्याचा किमान दाब लागतो, तो मिळाला नाही तर गीझर पेटतच नाही. ऑटोमॅटिक वॉशिंग मशिन भरायलाही वेळ लागतो. बऱ्याच सोसायट्या वरच्या दोन-तीन मजल्यांसाठी प्रेशर पंप बसवतात. तो बसवलेला आहे का आणि लाइट गेल्यावर जनरेटरवर चालतो का, हे वरचा फ्लॅट बघताना विचारायचं.

खालच्या मजल्यांची तक्रार उलटी असते. दाब जास्त, त्यामुळे नळांचे वॉशर लवकर जातात. सोलरचं गरम पाणीही त्यांना उशिरा मिळतं. सोलर गच्चीवर आणि बाथरूम खाली, मधल्या पाइपातलं गार पाणी वाहून गेल्याशिवाय गरम येत नाही. सहाच्या शिफ्टला निघणाऱ्याने तोपर्यंत दोन बादल्या पाणी सोडून दिलेलं असतं. तेही दिवसाआड येणाऱ्या पाण्यातलं.

म्हणून घर बघायला गेल्यावर नुसता नळ सोडून बघणं पुरेसं नाही. दोन नळ आणि शॉवर एकाच वेळी सोडून बघा. त्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे वॉचमनला विचारणं: मोटर किती वाजता लावता, टँकर महिन्यातून कितीदा येतो? एजंटपेक्षा त्याचं उत्तर खरं निघण्याची शक्यता जास्त.

गुरुवार का?

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात बहुतेक कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. महावितरणची देखभाल-दुरुस्तीची कामंही बहुतेकदा गुरुवारीच निघतात. म्हणजे कामगार ज्या दिवशी घरी असतो, आठवड्याचा बाजार करतो, सिलिंडर आणतो, त्याच दिवशी लाइट जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

जाहिरातीत 'लिफ्ट आहे' एवढंच असतं. ती जनरेटरवर चालते का? दोन लिफ्ट असतील तर जनरेटरवर एकच चालते का? लाइट गेल्यावर जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी यंत्रणा तिच्यात आहे का? महाराष्ट्रात लिफ्टसाठी 2017 चा स्वतंत्र कायदा आहे आणि लिफ्ट चालवायला परवाना लागतो. देखभाल कोणती कंपनी करते, शेवटची तपासणी कधी झाली, हे विचारण्यात काही गैर नाही.

लिफ्ट बंद पडली तर काय होतं, याचा अंदाज आकड्यांतून येतो. एका मजल्याला साधारण 18 ते 20 पायऱ्या. चौथा मजला म्हणजे 75 ते 80 पायऱ्या, आठवा म्हणजे दीडशे. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो, पण रिकाम्या टाकीचं वजन धरून तो 30 किलोच्या आसपास जातो. पाण्याचा 20 लिटरचा जार 20 किलोचा. हे रोज होत नाही, मान्य. पण अकरा महिन्यांत गुरुवार पन्नासच्या जवळपास येतात.

पावसाळ्यात आणखी एक प्रकार होतो. लिफ्टच्या तळाशी जो खड्डा असतो, त्यात पार्किंगचं पाणी शिरतं आणि पाणी उपसेपर्यंत लिफ्ट बंद ठेवावी लागते. पवना धरणातून विसर्ग वाढला की नदीकाठच्या सखल भागात पाणी येतं. किवळे-रावेतच्या नदीकडच्या बाजूला घर असेल तर दहाव्या मजल्यावर राहूनही पूर आपल्याला गाठतो, तो लिफ्टच्या आणि खाली लावलेल्या दुचाकीच्या रूपाने.

लिफ्ट बिनभरवशाची असेल तर एक व्यवहारी कसोटी वापरता येते. घरातली जी व्यक्ती सगळ्यात कमी चढू शकते, तिने एकदा पायी चढून बघावं. गुडघेदुखी असलेल्या आईला, गरोदर बाईला किंवा कडेवर मूल असलेल्या बापाला जो मजला एका दमात जमतो, तो आपला.

उंच गेलं की आवाज कमी होतो?

या भागात हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याबद्दलचे गैरसमजही सगळ्यात जास्त. जुना मुंबई-पुणे हायवे देहूरोडच्या मधून जातो. एक्स्प्रेस-वे किवळ्याला संपतो. कात्रज-देहूरोड बायपास इथेच सुरू होतो. मुंबई-पुणे रेल्वेमार्ग बाजाराला खेटून आहे, लोकल, एक्स्प्रेस आणि मालगाड्या दिवसरात्र जातात. त्यात राहणाऱ्यांपैकी अनेक जण नाइट शिफ्टवाले, म्हणजे सकाळी सात-आठला घरी येऊन झोपणारे. कायद्याने निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. दिवसा झोपणाऱ्याला रात्रीची शांतता कायद्याच्या पुस्तकातही मिळत नाही.

'वरचा मजला घ्या, आवाज येणार नाही,' असं एजंट सांगतात. गणित तसं सांगत नाही. सलग वाहणाऱ्या रस्त्याचा आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण 3 डेसिबलने घटतो, आणि 3 डेसिबल हा कानाला जेमतेम जाणवणारा फरक आहे. समजा, इमारत रस्त्यापासून 30 मीटरवर आहे. दुसऱ्या मजल्याची खिडकी रस्त्यापासून तिरकं मोजलं तर सुमारे 31 मीटरवर आणि दहाव्याची सुमारे 42 मीटरवर येते. आठ मजले वर जाऊन आवाज घटला दीड डेसिबलच्या आसपास. म्हणजे घटलाच नाही म्हणा.

कित्येकदा तर उलटंच होतं. खालच्या मजल्यांना कंपाउंडची भिंत, दुकानांची रांग, समोरची बैठी घरं यांचा आडोसा असतो. पाचव्या-सहाव्या मजल्यावर तो आडोसा संपतो आणि संपूर्ण हायवे थेट खिडकीत येतो. उड्डाणपुलाशेजारच्या इमारतीत तर पुलाच्या उंचीवरचा मजला थेट गाड्यांच्या रेषेत असतो. तिथे आवाजाबरोबर धूळ आणि रात्री हेडलाइटचा उजेडही फुकट मिळतो.

आवाजाला अडवते ती इमारत स्वतः. रस्त्याकडच्या फ्लॅटपेक्षा मागच्या बाजूच्या फ्लॅटमध्ये जो फरक पडतो, तो कुठलाही मजला देऊ शकत नाही. त्यामुळे नाइट शिफ्ट असेल तर मजल्यावर घासाघीस करण्यापेक्षा बेडरूमची खिडकी कुठल्या बाजूला उघडते ते बघा. आणि घर बघायला रविवारी संध्याकाळी जाण्यापेक्षा तुमच्या झोपेच्या वेळी जा.

टॉप फ्लोअर स्वस्त का असतो?

एजंट टॉप फ्लोअरच्या भाड्यात थोडं कमी करायला पटकन तयार होतो, त्यामागे कारण आहे. एप्रिल-मेमध्ये गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री घरात सोडतो. पंखा लावला तर तो वरची गरम हवाच खाली आणतो. उंचीमुळे गारवा मिळतो ही समजूतही फोल आहे. 100 मीटर वर गेल्यावर तापमान एक अंशसुद्धा उतरत नाही, दहा मजल्यांनी काय होणार? वर मिळतो तो वारा, आणि तोही खिडक्या समोरासमोर असतील तरच.

मग येतो पाऊस. देहूरोड पुण्याच्या पश्चिमेला, लोणावळ्याच्या वाटेवर आहे आणि घाटाकडे जावं तसा पाऊस वाढत जातो. गच्चीचा कोबा तडकलेला असेल तर जुलैमध्ये छताला ओल दिसायला लागते. पावसाळी वारे पश्चिमेकडून येतात, त्यामुळे वरच्या मजल्यांवर पश्चिमेच्या खिडक्यांतून झोत आत येतो आणि त्या भिंतीला बुरशी धरते. घर उन्हाळ्यात बघत असाल तर छताच्या कोपऱ्यांत आणि पश्चिमेच्या भिंतीवर नव्या रंगाचा एखादाच चौकोन दिसतो का, ते शोधा. रंग सगळं लपवत नाही.

हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणारी गळती सोसायटीने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. वरच्या फ्लॅटच्या संडास-बाथरूममधून झिरपत असेल तर तो त्या दोन फ्लॅटमालकांचा मामला. भाडेकरूने यात अडकू नये, पण मालकाला तोंडी सांगून न थांबता लेखी कळवावं. डिपॉझिट परत घेताना ते उपयोगी पडतं.

तळमजला आणि पहिला मजला यांच्या अडचणी सगळ्यांना ठाऊक आहेत: डास, ड्रेनेजचं चेंबर तुंबलं की आधी तिथे वर येणारं पाणी, पार्किंगमधला धूर, खिडकीला ग्रिल लागणं. डेंग्यूचा डास मात्र साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. दिवसाआड पाणी येतं म्हणून घराघरांत पिंपं भरून ठेवलेली असतात, आणि गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडं असेल तर टॉप फ्लोअरही त्याच्या जवळच आहे.

आजारपण आणि आग

कॅनडातल्या टोरोंटो परिसरात घरी हृदय बंद पडलेल्या रुग्णांचा एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. तिसऱ्या मजल्याच्या खाली राहणाऱ्यांपैकी 4.2 टक्के वाचले, तिसरा किंवा त्यावरच्या मजल्यांवरचे 2.6 टक्के, सोळाव्याच्या वरचे एक टक्क्याहूनही कमी. कारण साधं होतं. ॲम्ब्युलन्स दारात येते, पण तिथून बिछान्यापर्यंतची मिनिटं मजल्यागणिक वाढतात. घरात हृदयरोगी किंवा डायलिसिसवरचा माणूस असेल तर सातव्या मजल्यावरून दिसणारा घोरवडेश्वराचा डोंगर कितीही सुंदर असला तरी दुसरा मजला घ्यावा. स्ट्रेचर लिफ्टमध्ये आडवं मावतं का, हेही एकदा डोळ्यांनी बघावं.

आगीच्या बाबतीत 24 मीटरपेक्षा उंच इमारतींत आसऱ्यासाठी मोकळी जागा, म्हणजे 'रेफ्युज एरिया' ठेवावा लागतो. तो कुठल्या मजल्यावर आहे आणि तिथे कुणी जुने सोफे, सायकली रचून ठेवल्यात का, ते बघा. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. सोसायटीच्या ऑफिसात ते मागता येतं. सेक्रेटरीचा चेहरा बघूनही बरंच कळतं.

घासाघीस आणि करार

'पहिल्या मजल्यावर लिफ्ट लागत नाही, मग मेंटेनन्स कमी करा,' असा युक्तिवाद बरेच भाडेकरू करतात. तो चालत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सदस्यांमध्ये सारखा वाटला जातो, कुणी वापरो न वापरो. घासाघीस भाड्यावर करावी. टॉप फ्लोअरचा उकाडा, बिनलिफ्टचा चौथा, हायवेकडची बेडरूम ही भाडं कमी करून मागायची रास्त कारणं आहेत.

करार 11 महिन्यांचा असला तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरलं जातं. त्यामुळे जनरेटरवर लिफ्ट आहे, प्रेशर पंप आहे, टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलेला आहे, असं एजंटने तोंडी सांगितलेलं सगळं करारात लिहून घ्या. फ्लॅट नंबर आणि मजला वीजबिलावर जसा आहे तसाच करारात असू द्या. पार्किंगच्या वरचा पहिला मजला कागदावर 'पहिला' आणि बोलण्यात 'दुसरा' असेल तर गॅस कनेक्शनपासून बँकेच्या केवायसीपर्यंत प्रत्येक ठिकाणी तोच पत्ता पुन्हा समजावून सांगावा लागतो.